कमलताई रणदिवे

आमच्या सासूबाईंनी छातीतली गाठ सात महिने कोणास सांगितली नाही. लाजेने पदराआड झाकलेली ती गोष्ट आम्हांस कळली तेव्हा फार उशीर झाला होता. त्या अंथरुणाला खिळल्या असता शेजारच्या दोघीतिघी आमच्या घरचे पाणीसुद्धा घेत नसत. रोग लागेल, ही भीती! स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला कमलताईच आठवल्या, त्या याच कारणाने.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास समर्थांच्या घरी झाला. वडील दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु हुजूरपागेत आणि पुढे फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या मुलीचा ओढा जीवशास्त्राकडेच राहिला. १९३९ साली गणितज्ञ रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सुरू झाला म्हणून अभ्यास सुटला नाही. सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर प्रबंध लिहून १९४३ साली त्या एम. एस्सी. झाल्या.

नंतर मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कर्करोगाचा अभ्यास आरंभिला व १९४९ साली पीएच. डी. मिळविली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात, योग्य ते पोषण व ऊब देऊन, पेशी जगवावयाची विद्या त्या तेथे शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या विद्येची आपल्या देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली.

स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी वर्षानुवर्षे उंदरांवर प्रयोग केले. उंदरांमध्ये या रोगाचा एक विषाणू आईच्या दुधावाटे पिलांत उतरतो. परंतु विषाणू एकटा सारे करीत नाही. आनुवंशिकता आणि शरीरातील संप्रेरके यांचाही त्यात वाटा असतो. हे नाते ओळखणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत कमलताईंची गणना होते. भगिनींनो, ही गोष्ट उंदरांची आहे, हे ध्यानात ठेवावे. बाईचा हा रोग स्पर्शाने किंवा पेल्याताटाने लागत नाही, आणि अंगावर पाजल्याने आईचा धोका उलट थोडा कमीच होतो.

कुष्ठरोगाच्या जंतूंवरील कामासाठी १९६४ साली त्यांना वाटुमल पुरस्कार मिळाला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली. १९७३ साली सहकारी भगिनींसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नोकरी करणाऱ्या बाईला मूल कोठे ठेवावे व आपण कोठे राहावे, हा प्रश्न पडतो. या संघटनेने वाशी येथे पाळणाघर व वसतिगृह काढले, हे मला विशेष वाटते. १९८२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी हाती घेतली व तेथील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

ज्या दुखण्याचे नाव आमच्या घरात कोणी घेत नव्हते, त्या दुखण्याच्या अभ्यासात या पुण्याच्या मुलीने उभा जन्म घालविला. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला तशीच गाठ हाताला लागली. तिने त्याच रात्री मला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, तशीच तिचीही निघाली. येताना आम्ही सासूबाईंच्या आठवणीने खूप रडलो. मंडळातल्या कोणा भगिनीस अशी शंका आली तर तिने माझ्या घरी खुशाल यावे. मी बरोबर येईन.