सुकुमार सेन : मतपेटीमागील गणिती

सुकुमार सेन यांचे अध्ययन गणिताचे, सेवा मात्र प्रशासनातील. पश्चिम बंगालचे मुख्य सचिव असलेले सेन मार्च १९५० मध्ये भारताचे पहिले मुख्य निर्वाचन आयुक्त झाले. १७ कोटींहून अधिक मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. अशा मतदाराचे मत गुप्त राहावे आणि ते त्याचेच असावे, हा प्रश्न त्यांना सोडवावयाचा होता.

१९५१-५२ मध्ये प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र, चिन्हांकित पेटी ठेवण्यात आली. लक्षावधी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या. मतपत्रिका नाशिकला छापल्या गेल्या. बोटाला शाई लावून घ्यावयाची, आडोशामागे जावयाचे आणि कोरी पत्रिका इष्ट पेटीत टाकावयाची. वाचता न येणाऱ्यालाही हे साधले. परंतु खूण नसलेली पत्रिका लपवून बाहेर नेणेही शक्य होते.

मत ज्याचे त्याचे, हे तत्त्व त्यांनी मतदारयादीतही कठोरपणे पाळले. केवळ अमक्याची पत्नी वा आई एवढीच नोंद त्यांनी अमान्य केली. स्वतःचे नाव न सांगितलेल्या सुमारे २८ लाख स्त्रिया त्यामुळे मताला मुकल्या. त्यांच्या नियमाचे हे मोल मोठे होते.

१९५७ ची निवडणूकही पार पाडून सेन १९५८ मध्ये पदमुक्त झाले. पत्रिकेवर शिक्का उमटवण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आली. उमेदवारांच्या स्वतंत्र पेट्या गेल्या. आडोसा आणि बोटावरची शाई मात्र राहिली.