चाळीस वर्षांचे देणे

मायकेलअँजेलोच्या चरित्रात मला सर्वांत मोह पडतो तो एका करारपत्राचा. २७ ऑगस्ट १४९८ रोजी रोममध्ये ते झाले. एका वृद्ध फ्रेंच कार्डिनलला मृत येशूला मांडीवर घेऊन बसलेल्या मेरीचे, माणसाएवढ्या आकाराचे संगमरवरी शिल्प हवे होते. किंमत ४५० सुवर्ण डुकाट, मुदत एक वर्ष. शिल्पकार अवघा २३ वर्षांचा, म्हणून याकोपो गाल्ली नावाच्या रोममधल्या एका पेढीवाल्याने जामीन राहायचे कबूल केले. इथवर सारे आमच्या बँकेतल्या कागदांसारखेच. पण या गाल्लीने आणखी एक गोष्ट लिहून दिली. हे शिल्प रोममधल्या तेव्हाच्या सगळ्या संगमरवरी कामांत सुंदर ठरेल आणि हयात असलेल्या कोणाही कारागिराच्या हातून याहून सरस काम होणार नाही, अशी त्याने हमी घेतली. मी तीसेक वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. जामीनदार पैशाची हमी घेतो, तीही हात आखडून. सौंदर्याची हमी घेणारा जामीनदार काही माझ्या टेबलापुढे कधी आला नाही.

गाल्लीची हमी खरी ठरली. ते शिल्प म्हणजे व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्समधले ‘पिएता’. १९७२ साली एका माथेफिरूने त्यावर हातोडा चालवल्यापासून ते काचेआड आहे.

पेढीचा धंदा मायकेलअँजेलोच्या घरातही होता. बुओनारोती कुटुंब फ्लॉरेन्समध्ये काही पिढ्या लहानशी सावकारी करीत असे. ती बुडाली आणि वडील लोदोविको सरकारी नोकरीवर काप्रेसे नावाच्या आडगावी गेले. तिथे ६ मार्च १४७५ रोजी हा मुलगा जन्मला. त्याला दूध पाजायला ठेवलेली दाई सेत्तिन्यानो गावची, पाथरवटाच्या घरातली. छिन्नी-हातोडा आपण तिच्या दुधाबरोबरच प्यालो, असे तो पुढे थट्टेने सांगत असे. सहाव्या वर्षी आई गेली. पोराने दगड फोडणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे वडिलांना वाटे. पैसा गेलेल्या घरांत कुळाचा ताठा अंमळ जास्तच असतो. तरीही १३व्या वर्षी तो गिर्लांदायो या चित्रकाराकडे उमेदवारीला लागला आणि तिथून लोरेन्झो दे मेदिचीच्या आश्रयाला गेला. या धनाढ्य राज्यकर्त्याच्या बागेत जुन्या रोमन मूर्ती मांडलेल्या होत्या.

त्या मूर्तींपासून तो काय शिकला? बँकेच्या काउंटरपुढे रांगेत बराच वेळ उभा असलेला माणूस आठवा. तो नकळत एका पायावर भार देतो. त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, त्याच बाजूचा खांदा किंचित खाली येतो आणि दुसरा गुडघा सैल पडतो. ग्रीकांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हे नेमके हेरले आणि तोवर खांबासारखा ताठ उभा असलेला दगडी माणूस श्वास घेऊ लागला. रोमनांनी ग्रीक मूर्तींच्या संगमरवरी प्रतिकृती केल्या, त्या इटलीच्या मातीत पुरल्या गेल्या आणि या मुलाच्या काळात पुन्हा वर येऊ लागल्या. त्याने बाहेरून ही मूर्तींची रीत उचलली; आतले स्नायू कसे चालतात ते पाहण्यासाठी फ्लॉरेन्सच्या सान्तो स्पिरितो मठात प्रेते फाडली.

‘डेव्हिड’मध्ये या दोन्ही विद्या एकत्र येतात. त्याचा दगड मुळात दुसऱ्यांनी बिघडवलेला. १४६४ साली एकाने त्यावर काम सुरू करून सोडले, पुढे दुसऱ्यानेही हात टेकले, आणि तो प्रचंड ठोकळा कॅथीड्रलच्या आवारात पंचवीस वर्षे उन्हापावसात पडून राहिला. १५०१ मध्ये मायकेलअँजेलोने तो मागून घेतला आणि १५०४ मध्ये त्यातून पाच मीटरहून उंच तरुण उभा केला. सगळा भार उजव्या पायावर, आणि लोंबत्या हाताच्या शिराही फुगलेल्या. ठोकळा अरुंद होता, म्हणून बाजूने पाहिले तर हा धिप्पाड गडी चकित व्हावे इतका सडपातळ आहे.

आता त्या देण्याकडे येतो. १५०५ मध्ये पोप ज्युलियस दुसरा याने जिवंतपणीच स्वतःसाठी थडगे सांगितले: चाळीसेक पुतळे, दहा हजार डुकाट, पाच वर्षे. मायकेलअँजेलो दगड निवडायला काराराच्या डोंगरात गेला आणि आठ महिने तिथेच राहिला. दगड रोमला आले तोवर पोपचे मन नव्या सेंट पीटर्सच्या बांधकामात गुंतले होते. पैसे मागायला गेलेल्या शिल्पकाराला दारातून परत पाठवण्यात आले. १७ एप्रिल १५०६ रोजी तो संतापून रोम सोडून गेला. दुसऱ्या दिवशी त्या चर्चची कोनशिला बसली. मग समेट झाला, आणि थडगे बाजूला ठेवून पोपने त्याला सिस्टीन चॅपेलचे छत रंगवायला बसवले. त्यात १५१२ उजाडले.

१५१३ मध्ये पोप वारला. वारसांनी साडेसोळा हजार डुकाटांचा नवा करार केला. या काळात ‘मोझेस’ आणि दोन बंदिवान घडले. मग नवा पोप, मेदिची घराण्यातला, आपल्या फ्लॉरेन्समधल्या चर्चला दर्शनी भिंत हवी म्हणून बसला. त्यासाठी नव्या खाणी उघडण्यात, डोंगरात रस्ते काढण्यात शिल्पकाराची उमेदीची वर्षे गेली आणि १५२० मध्ये ते काम रद्द झाले. ती भिंत आजही उघडीबोडकी आहे. थडग्याचे करार मात्र १५१६, १५३२, १५४२ असे नवे होत राहिले आणि प्रत्येक वेळी थडगे लहान होत गेले. फिटत नसलेल्या खात्याला मुदतवाढ देत राहावे, तसला हा प्रकार.

वारसांच्या बाजूने आरोप झाला की याने उचल घेतली आणि ती व्याजाने फिरवून गबर झाला. हा आरोप त्याला फार लागला. साठी उलटून गेलेल्या त्या माणसाने लांबलचक पत्र लिहून आपण चोर नाही, सावकारही नाही, असे कळवळून मांडले; या थडग्याला बांधून घेऊन आपले सारे तारुण्य वाया गेले, असेही लिहिले. मी कर्जबुडवे पुष्कळ पाहिले आहेत. बुडवणारा माणूस घाम गाळून स्वतः डोंगरात दगड शोधत फिरत नाही. माझा निकाल विचाराल तर ऋणको प्रामाणिक होता. धनकोच दर काही वर्षांनी बदलत होते आणि प्रत्येकाला हे हात आपल्याच कामाला हवे होते.

१५४५ मध्ये सान पिएत्रो इन विन्कोली या चर्चमध्ये जे उभे राहिले ते मूळ कल्पनेच्या मानाने भिंतीला टेकवलेली एक चौकट आहे. मधोमध ‘मोझेस’ बसलेला, म्हणून माणसे तिथे जातात. दोन बंदिवान आक्रसलेल्या आराखड्यात बसेनात. ते त्याने एका आश्रयदात्याला भेट दिले आणि आज ते पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत. आणखी चार अर्धवट बंदिवान फ्लॉरेन्सच्या अकादेमियात ‘डेव्हिड’कडे जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा उभे आहेत.

काही वर्षांपूर्वी मी ते पाहिले. लोक त्यांच्यामधून भराभर ‘डेव्हिड’कडे जात होते, मला तिथेच थांबावेसे वाटले. ठोकळ्याच्या चारी बाजू फिरून कोरण्याऐवजी तो समोरून आत शिरत असे. पाण्याने भरलेल्या हौदातून मूर्ती हळूहळू वर उचलावी, तसा आधी गुडघा, मग पोट, मग छाती बाहेर येते. एकाचे डोके अजून दगडातच आहे आणि दोन्ही हात तो भार डोक्यावर तोलण्यात गुंतलेले. पोटावर दातेरी छिन्नीच्या बारीक समांतर रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या. त्याने हे मुद्दाम अर्धवट ठेवले, असे मानणारे रसिक आहेत. मला ते पटत नाही. कागद पाहिले की दिसते, थडगे आक्रसले आणि यांना जागा उरली नाही. पण एवढे कबूल करायला हवे की पुरे झालेल्या कितीतरी मूर्तींपेक्षा या चौघांचे अंग अधिक दुखते.

उतारवयात त्याने स्वतःच्या थडग्यासाठी एक ‘पिएता’ घेतली. त्यात मागे उभ्या असलेल्या वृद्धाला आपला चेहरा दिला आणि १५५५च्या सुमाराला चिडून ती हातोड्याने फोडली. एका शिष्याने पुढे तुकडे जोडले. २०२१ मध्ये तिची सफाई पूर्ण झाली तेव्हा दगडात बारीक चिरा आढळल्या. म्हणजे म्हाताऱ्याचा राग दगडावरही असणार.

शेवटची ‘पिएता’ आज मिलानमध्ये आहे. तिच्यात त्याने आधी कोरलेल्या देहातून नवा, किडकिडीत येशू काढायला घेतला. जुन्या देहाचा एक हात तसाच बाजूला लोंबत राहिला आहे. मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत तो त्यावर घाव घालत होता. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी तो गेला, तेव्हा नव्वदीला जेमतेम वर्ष कमी होते.

दुसऱ्याच दिवशी अधिकाऱ्यांनी रोममधल्या त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी केली. अशा याद्या मीही केल्या आहेत, कर्जदाराच्या पश्चात. जन्मभर गरिबासारखा राहिलेल्या या माणसाच्या अक्रोडी लाकडाच्या पेटीत आठ हजारांहून अधिक सोन्याची नाणी निघाली. लोखंडी पलंग, थोडे कपडे. तळमजल्यावर तीन मूर्ती सापडल्या, तिन्ही अपुऱ्या. त्यांतल्या एकीची नोंद कारकुनाने, कलेची काही जाण न दाखवता, अगदी बिनचूक केली आहे: एक येशू आणि त्याच्या वर दुसरी एक आकृती, दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या, काम अर्धे.