जेम्स पार्किन्सन

जेम्स पार्किन्सन (११ एप्रिल, इ.स. १७५५ – २१ डिसेंबर, इ.स. १८२४) हे इंग्लिश शल्यवैद्य, भूवैज्ञानिक आणि राजकीय लेखक होते. कंपवाताचे पहिले पद्धतशीर वर्णन त्यांनी इ.स. १८१७ मध्ये प्रसिद्ध केले. हा विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचे हे संशोधन कोणत्याही अनुदानाविना, केवळ सहा रुग्णांच्या निरीक्षणावर उभे होते.

जन्म आणि शिक्षण

पार्किन्सन यांचा जन्म लंडनच्या शोरडिच भागातील हॉक्स्टन स्क्वेअर येथे झाला. त्यांचे वडील जॉन हे तेथेच वैद्यकी करीत. वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करून इ.स. १७७६ मध्ये त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये सहा महिने अनुभव घेतला. इ.स. १७८४ मध्ये त्यांना शल्यवैद्य म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाल्यावर व्यवसायाची धुरा त्यांच्याकडे आली. इ.स. १७८५ मध्ये त्यांनी विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांची व्याख्याने ऐकून ती लघुलिपीत टिपून घेतली. ही टिपणे त्यांच्या मुलाने इ.स. १८३३ मध्ये प्रकाशित केली.

राजकीय कार्य

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पार्किन्सन लंडन कॉरस्पॉन्डिंग सोसायटीचे सदस्य होते. संसदीय सुधारणा आणि गरिबांची दुःस्थिती या विषयांवर त्यांनी ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने पत्रके लिहिली. राजा तिसरा जॉर्ज याला नाट्यगृहात विषारी बाणाने मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत इ.स. १७९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे त्यांची शपथेवर साक्ष झाली. त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला नाही.

वैद्यकीय लेखन

सामान्य कुटुंबांसाठी आरोग्यविषयक पुस्तके, संधिवाताचा एक प्रकार असलेल्या गाउटवरील ग्रंथ (इ.स. १८०५) आणि वेड्यांच्या इस्पितळांच्या कायद्यावरील पुस्तिका (इ.स. १८११) त्यांनी लिहिली. आंत्रपुच्छाला छिद्र पडून मृत्यू ओढवल्याचे वर्णन करणारा, इ.स. १८१२ चा त्यांचा व त्यांच्या मुलाचा लेख इंग्रजीतील या विषयावरील आरंभीच्या लेखांपैकी एक मानला जातो.

कंपवातावरील निबंध

‘ॲन एसे ऑन द शेकिंग पाल्सी’ हा ६६ पृष्ठांचा निबंध इ.स. १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पार्किन्सन बासष्ट वर्षांचे होते. त्यातील सहा रुग्णांपैकी काही त्यांना रस्त्यात भेटले होते. त्यांत पूर्वी खलाशी असलेला एक मनुष्यही होता. एका रुग्णाला तर त्यांनी केवळ दुरून पाहिले. त्या गृहस्थांना पाऊल उचलण्यापूर्वी सेवकाने समोर उभे राहून खांद्यांना आधार द्यावा लागे. तोल साधल्यावर ते धावतच निघत आणि ते पडू नयेत म्हणून सेवक पुढे धावत जाई. हातपाय स्थिर असतानाही होणारा कंप, पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता आपोआप वाढणारा वेग ही लक्षणे पार्किन्सन यांनी एकाच विकाराची म्हणून मांडली. बुद्धी व संवेदना शाबूत राहतात, असेही त्यांनी नोंदविले.

एकाही रुग्णाचे शवविच्छेदन त्यांना करता आले नव्हते. ही उणीव त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केली आणि शरीररचनातज्ज्ञांचे लक्ष या विकाराकडे वळावे, या हेतूने अपुरे काम प्रकाशित केले. विकाराचे मूळ मानेतील मज्जारज्जूत असावे, हा त्यांचा तर्क चुकीचा ठरला. त्यावर आधारित मानेतून रक्त काढण्याचा उपायही निरुपयोगी होता. मात्र विकाराचे स्वरूप नीट कळेपर्यंत पोटात औषधे देणे उचित नाही, असे त्यांचे मत होते.

भूविज्ञान

जीवाश्मांवरील त्यांचा त्रिखंडी ग्रंथ इ.स. १८०४ ते १८११ या काळात प्रकाशित झाला. इ.स. १८०७ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. इ.स. १८२३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांना सुवर्णपदक दिले, ते जीवाश्मांवरील कार्यासाठी.

मृत्यू आणि वारसा

पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचे निधन झाले. शोरडिचच्या सेंट लिओनार्ड चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. त्यांचे एकही अधिकृत चित्र उपलब्ध नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे ज्याँ-मार्तँ शार्को यांनी ताठरपणा व हालचालींतील मंदपणा ही लक्षणे स्पष्ट केली. रुग्णाची शक्ती खऱ्या अर्थाने नष्ट होत नसल्याने यास पक्षाघात म्हणू नये, असे सांगून त्यांनी विकाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. पार्किन्सन यांना अपेक्षित असलेले शवविच्छेदनाचे काम पुढे इतरांनी केले. इ.स. १९१९ मध्ये कॉन्स्तांतिन त्रेतियाकोफ यांनी मेंदूतील कृष्णद्रव्याच्या ऱ्हासाशी विकाराचा संबंध दाखविला, तर इ.स. १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता सिद्ध केली. त्यातून लेव्होडोपा हे औषध पुढे आले.

या विकाराच्या संशोधनाला अर्थसाहाय्य करणाऱ्या संस्था विसाव्या शतकात उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये इ.स. १९५७ मध्ये विल्यम ब्लॅक यांनी, तर ब्रिटनमध्ये इ.स. १९६९ मध्ये माली जेन्किन्स यांनी अशा संस्था स्थापन केल्या. प्राथमिक अवस्थेतील ज्या संशोधनाला आज अनुदान मिळू शकते, तसे काम पार्किन्सन यांनी रोजचा व्यवसाय सांभाळून केले होते. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.