वैदूचा नातू, चीनचा धन्वंतरी

खांद्याला झोळी, झोळीत मुळ्या-साली आणि गल्लीबोळांतून घातलेली हाळी. वैदू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभं राहतं. सोळाव्या शतकातल्या चीनमध्येही असे वैदू होते. ते हाळी घालण्याऐवजी घंटा वाजवत गावोगाव हिंडत. गोरगरिबांना त्यांचा आधार वाटे, पण समाजात त्यांना मान असा नव्हताच. अशाच एका घंटावाल्या वैदूच्या नातवाने पुढे चिनी औषधांचा सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं नाव ली शिझेन.

चिनी उपचार म्हटले की आपल्याला पटकन आठवतात त्या ॲक्युपंक्चरच्या सुया. मी या विषयाकडे वळलो तोही सुयांच्या कुतूहलापोटीच. वाचत गेलो तसा सुया मागे पडल्या आणि हा माणूस मनात घर करून बसला.

ली शिझेन १५१८ साली हुबे प्रांतात, यांगत्से नदीकाठच्या चीचौ गावी जन्मला. वडील ली येनवेन नामांकित वैद्य होते. तरीही मुलाने वैद्य होऊ नये, सरकारी परीक्षा देऊन अधिकारी व्हावं, अशी त्यांची इच्छा. वैद्यकीत पोट भरत होतं, प्रतिष्ठा मात्र सरकारदरबारी होती. मुलगा हुशार. चौदाव्या वर्षी पहिली परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढच्या प्रांतिक परीक्षेने मात्र त्याला तीनदा परत पाठवलं. दहावी-बारावीची मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना त्या घरातली शांतता कशी असेल हे सांगायला नको. तेविसाव्या वर्षी त्याने परीक्षांना रामराम ठोकला आणि वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकू लागला. चीनचा एक अधिकारी कमी झाला, हे जगाचं भाग्यच म्हणायचं!

वडिलांकडे तो काय शिकला? आधी रोगी पाहायला. चिनी वैद्याच्या परीक्षा चार : चेहरा आणि जीभ पाहणं, आवाज ऐकणं आणि वास घेणं, प्रश्न विचारणं आणि मनगटावरची नाडी पाहणं. आपल्या वैद्यबुवांची आठवण व्हावी असंच हे सारं. नाडीपरीक्षेवर ली शिझेनने १५६४ साली एक छोटं पुस्तक लिहिलं आणि नाडीचे सत्तावीस प्रकार वर्णन केले. शिकणाऱ्यांना पाठ करता यावं म्हणून त्यातला बराच भाग पद्यात आहे.

निदान झालं की उपचार. शरीरातून 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि ती अडली की दुखणं येतं, ही त्यामागची मूळ कल्पना. त्या मार्गांवरच्या बिंदूंत बारीक सुया टोचायच्या, हे ॲक्युपंक्चर. त्याच बिंदूंना वाळलेल्या पाल्याची वात पेटवून शेक द्यायचा, हा मोक्साचा उपचार. हा पाला दवण्याच्या कुळातला. आपण ज्योतिबाला वाहतो त्या दवण्याचा हा चिनी चुलतभाऊ. चीचौचा पाला सर्वांत उत्तम मानला जाई आणि वडिलांनी त्यावर एक पुस्तिकाही लिहिली होती. कातडीवर गरम पेला उपडा लावून रक्त ओढून आणण्याची रीतही होती. आपल्याकडे तिला तुंबडी लावणं म्हणतात. शिवाय अंग रगडणं, चोळणं होतंच. पण या साऱ्यांचा राजा म्हणजे काढा. आलं, दालचिनी, ज्येष्ठमध यांची नावं तर आपल्या स्वयंपाकघरातलीच.

काढ्यानेच ली शिझेनला झोप लागेनाशी केली. काढा करायचा तो जुन्या ग्रंथांवरून, आणि ग्रंथांत घोळ. एकाच वनस्पतीला दोन नावं, दोन वनस्पतींना एकच नाव. त्यात चूक झाली तर किंमत मोजणार रोगी. सर्वांत घातक गोष्ट पाऱ्याची. पारा घेतला की माणूस अमर होतो, असं जुनी पुस्तकं सांगत होती. त्या काळचा सम्राट च्याचिंग स्वतःच अमरत्वाच्या गुटिकांच्या मागे लागला होता. ली शिझेनने राजपुत्राच्या घरी वैद्यकी केली, बीजिंगच्या राजवैद्यांच्या संस्थेतही काही काळ काढला, आणि मग ते सोडून तो गावी परतला. आपल्या ग्रंथात त्याने पारा हे विष आहे असं स्वच्छ लिहून ठेवलं.

हा ग्रंथ त्याने १५५२ मध्ये हाती घेतला, पुरा केला १५७८ मध्ये. सत्तावीस वर्षं! सुमारे आठशे पुस्तकं चाळली, तीनदा लिखाण बदललं. शेतकरी, कोळी, शिकारी, लाकूडतोडे यांना तो विचारत हिंडला. धोतऱ्यासारखं एक फूल माणसाला हसवतं, नाचवतं असं ऐकलं, तर दारूतून ते स्वतः घेऊन पाहिलं. खवले मांजर खरोखर मुंग्या खातं का, हे त्याचं पोट फाडून तपासलं. आत मुंग्याच मुंग्या. अशी १८९२ औषधद्रव्यं आणि अकरा हजारांवर नुस्खे त्याने बावन्न भागांत मांडले. 'बेनत्साओ गांगमू' हे त्या ग्रंथाचं नाव.

आता तो छापणार कोण? एवढा अवाढव्य ग्रंथ, आणि लेखक परीक्षेत तीनदा नापास झालेला गावचा वैद्य. १५८० मध्ये तो वांग शिझेन या नामांकित साहित्यिकाकडे प्रस्तावना मागायला गेला. प्रस्तावना मिळाली १५९० मध्ये. नानजिंगच्या एका प्रकाशकाने काम हाती घेतलं, पण १५९३ मध्ये ली शिझेन गेला. ग्रंथ पुरा छापून बाहेर आला १५९६ मध्ये. आयुष्यभराचं काम छापलेलं पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. मुलाने त्याची एक प्रत सम्राटाला अर्पण केली. २०११ मध्ये युनेस्कोने हा ग्रंथ जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवला.

ली शिझेनचं सगळंच खरं ठरलं असं नाही. त्याच्या ग्रंथात आज हसू यावं असे उपायही आहेत. खवले मांजराची खवलं औषध म्हणून त्यात आहेत, आणि त्या समजुतीपायी चालणारी तस्करी आपल्या कोकणातल्या खवले मांजराच्याही जिवावर उठली. २०२० मध्ये चीनने ही खवलं आपल्या अधिकृत औषधसूचीतून वगळली. काही जुन्या चिनी वनस्पती मूत्रपिंड निकामी करतात हेही आता कळलं आहे. दुसऱ्या बाजूने, जुन्या ग्रंथांचा माग काढतच तू यूयू यांनी दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीतून मलेरियाचं औषध मिळवलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सुयाही आपल्यापर्यंत पोचल्या. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पथकातले डॉ. बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून भारतात परतले.

जुनं ते सोनं म्हणणारे आणि जुनं ते भाकड म्हणणारे, दोघंही आपल्या घरोघरी असतात. मला ली शिझेन या दोघांच्या मधला वाटतो. त्याने जुन्या पोथ्या फेकल्या नाहीत आणि डोळे मिटून मानल्याही नाहीत. वाचलं, रानात जाऊन पाहिलं, चूक दिसली तिथे चूक म्हणून लिहिलं. कोणी शेजारी एखादा रामबाण काढा सांगू लागला, तर डॉक्टरांचं औषध बंद करण्याआधी हा काढा कोणी तपासला, एवढं जरूर विचारावं. वैदूच्या त्या नातवाने हाच प्रश्न सत्तावीस वर्षं विचारला होता.