२०० वर्षांपूर्वी प्रत्येक कामगाराशेजारी रंगीत ठोकळा टांगून गिरणीचा डॅशबोर्ड चालवणारा रॉबर्ट ओवेन

सकाळी दहाची स्टँडअप मीटिंग. स्क्रीनवर टीमचा डॅशबोर्ड उघडलेला. कुणाचं काम हिरव्यात, कुणाचं पिवळ्यात आणि एखाद्याच्या नावापुढं लालभडक खूण. मॅनेजर आधी त्या खुणेकडे बघतो, मग त्या माणसाकडे. बोलत काहीच नाही. तेवढ्यानं त्या माणसाचा दिवस जायचा तसा जातो.

आयटीवाल्यांना हा प्रकार आपल्याच पिढीच्या नशिबी आला असं वाटतं. पण कॉम्प्युटर सोडा, साधी वीजही नव्हती तेव्हा स्कॉटलंडमधल्या एका सूतगिरणीत रोज हेच चालायचं. त्या गिरणीचा मालक होता रॉबर्ट ओवेन.

सहकाराचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव नवं नाही. १८४४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये विणकरांनी जे सहकारी दुकान काढलं, ज्याच्या नियमांवर पुढं जगभरातल्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्या मंडळींवर ओवेनच्या विचारांचा पगडा होता. आपल्याकडचे साखर कारखाने आणि दूध संघ त्याच झाडाच्या फांद्या. पण सहकाराच्या आधी ओवेन एक मॅनेजर होता, तोही एकदम पट्टीचा.

त्याचा जन्म १४ मे १७७१ चा, वेल्समधल्या न्यूटाऊन गावचा. वडील घोड्याचं खोगीर बनवायचे. दहाव्या वर्षी पोरगं घराबाहेर पडलं, कापडाच्या दुकानांत उमेदवारी करत करत मँचेस्टरला पोहोचलं. तिथं भावाकडून १०० पौंड उसने घेऊन भागीदारीत सूतकताईची यंत्रं बनवायचा धंदा केला, मग स्वतःचीच तीन यंत्रं चालवली.

तेवढ्यात पीटर ड्रिंकवॉटर नावाच्या गिरणीमालकाला मॅनेजर हवा असल्याचं कळलं. ओवेन तेव्हा विशीतला. त्यानं थेट वर्षाला ३०० पौंड मागितले. मालक चक्रावला, पण पोराची कमाई आधीच तेवढी आहे हे कळल्यावर कबूल झाला. हाताखाली आली सुमारे ५०० माणसं, आणि एवढी मोठी गिरणी ओवेननं कधी चालवलेली नव्हती.

त्यानं काय केलं? सहा आठवडे जवळपास तोंडच उघडलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, रात्री सगळ्यांनंतर कुलूप लावून जायचं आणि दिवसभर फक्त बघायचं. कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच उत्तर. स्वतःहून एकही हुकूम नाही. सहा आठवड्यांनी कुठल्या खात्यात काय अडतं हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. नवीन मॅनेजर आला की पहिल्याच सोमवारी दहा नवे रिपोर्ट मागतो, त्याची इथं आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१७९९ मध्ये ओवेन आणि त्याच्या भागीदारांनी न्यू लॅनार्कच्या गिरण्या ६०,००० पौंडांना विकत घेतल्या. क्लाईड नदीच्या धबधब्यांजवळचं हे गाव. पाण्याच्या जोरावर गिरण्या चालायच्या. विकणाऱ्या डेव्हिड डेल यांच्या मुलीशी, कॅरोलाईनशी ओवेनचं लग्नही त्याच वर्षी झालं. १ जानेवारी १८०० ला त्यानं कारभार हातात घेतला.

गाव दोन हजारांच्या आसपास वस्तीचं. त्यात गरीबगृहांतून आणलेली सुमारे ५०० मुलं. चोरी, दारू, भांडणं रोजची. त्या काळात याला उपाय दोनच होते : दंड आणि मार. ओवेनला दोन्ही नको होते. माणूस वाईट नसतो, परिस्थिती त्याला घडवते, यावर त्याचा ठाम विश्वास.

म्हणून त्यानं लाकडाचा एक छोटा ठोकळा बनवून घेतला. साधारण दोन इंच लांब, एक इंच रुंद, चार बाजूंना चार रंग. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचं, पिवळा म्हणजे चांगलं, पांढरा म्हणजे उत्तम. वर तारेची कडी, म्हणजे हवी ती बाजू समोर करून टांगता येईल. प्रत्येक कामगाराच्या जागेशेजारी असा एक ठोकळा. आदल्या दिवशी तो कसा वागला त्याचा रंग आज समोर. नाव ठेवलं सायलेंट मॉनिटर. शाळेतला मॉनिटर गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा, हा मॉनिटर मात्र मुका.

रंग ठरवायचा त्या खात्याचा मुकादम. पण मुकादम सुटलेला नव्हता. त्याचा रंग गिरणीचा व्यवस्थापक ठरवायचा. रोजचा रंग एक ते चार अशा आकड्यांत वहीत चढायचा, दर दोन महिन्यांनी नवी वही. वर्षभराची ही नोंद जपून ठेवली जायची, म्हणजे माणूस सुधारतोय की घसरतोय ते दिसायचं. आज ज्याला ट्रेंड म्हणतात तो हाच.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची सोय वेगळीच होती. मुकादमानं खार खाऊन काळा रंग दिला असं वाटलं, तर आकडा वहीत चढण्याआधी कामगार थेट ओवेनकडे तक्रार करू शकायचा. आजच्या किती डॅशबोर्डवर असं बटण असतं?

ओवेन गिरणीतून फेरी मारायचा, ठोकळ्याकडे बघायचा, माणसाकडे बघायचा आणि पुढं जायचा. रागावणं नाही. त्याच्याच सांगण्यानुसार सुरुवातीला काळे खूप होते, मग हळूहळू निळे, पिवळे आणि शेवटी पांढरे वाढत गेले.

पण हे श्रेय ठोकळ्याला देऊन मोकळं होणं चुकीचं ठरेल. सुरुवातीला कामगार या परक्या वेल्श मालकावर अजिबात विश्वास ठेवत नव्हते. मग अमेरिकेतून येणारा कापूस अडला, भाव भडकले, इतर गिरणीमालकांनी माणसं काढली. ओवेननं यंत्रं चार महिने बंद ठेवली आणि एकाचाही पगार कापला नाही. सात हजार पौंडांच्या वर खर्च झाला. यंत्रं नुसती पुसून तेल घालून ठेवायची, एवढंच काम. तिथून वारं फिरलं. त्यानंतर दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेणं बंद झालं, दुकानात चांगला माल स्वस्तात मिळू लागला, दुकानाचा नफा शाळेला गेला. १८१६ मध्ये कामाचा दिवस जेवणाची सुट्टी धरून १२ तासांवर आला. त्या काळात ही चैन होती.

भागीदारांना हे सगळं उधळपट्टी वाटायचं. १८१३ मध्ये गिरण्या लिलावात निघाल्या. जुन्या भागीदारांना त्या स्वस्तात पाडायच्या होत्या. ओवेननं नवे भागीदार जमवले आणि १,१४,१०० पौंडांची बोली लावून गिरण्या परत मिळवल्या. तो गावी परतला तेव्हा लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत नेली. गंमत म्हणजे नव्या भागीदारांत जेरेमी बेंथम होते, एकाच जागेवरून सगळ्या कैद्यांवर नजर ठेवता येईल अशा तुरुंगाचा आराखडा मांडणारे.

दुसरी बाजूही होती. नजर गिरणीपुरती राहिली नाही. घरं स्वच्छ आहेत का हे बघायला तपासनीस जायचे. गावच्या बायकांनी त्यांचं नाव ढेकूण शोधणारे असं ठेवलं होतं. १८१९ मध्ये कवी रॉबर्ट साउदी न्यू लॅनार्क बघून गेले. व्यवस्था त्यांना आवडली, पण ही माणसं मळ्यावरच्या गुलामांइतकीच मालकाच्या मुठीत आहेत, असं त्यांना वाटलं. आणि ते खोटं नव्हतं. मुकादमाचाही रंग ठरत होता, पण ओवेनचा रंग ठरवणारं गावात कुणी नव्हतं.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ओवेनच्या धडपडीतून कापूस गिरण्यांसाठी कायदा झाला. नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी, सोळापर्यंतच्या मुलांना १२ तासांची मर्यादा. पण तपासायला पगारी निरीक्षकच नेमले नाहीत, त्यामुळं मालकांनी तो धाब्यावर बसवला. निरीक्षक आले ते १८३३ च्या कायद्यानं.

१८२५ मध्ये ओवेननं अमेरिकेत इंडियाना राज्यात न्यू हार्मनी नावाची समतेची वसाहत काढली. इथं कोण किती काम करतो यावरून भांडणं जुंपली. दोन वर्षांत प्रयोग बसला, ओवेनची बहुतेक संपत्ती त्यात गेली. १८३२ मध्ये लंडनमध्ये त्यानं पैशांऐवजी श्रमाच्या तासांच्या नोटा चालवणारा बाजार उघडला. कुठल्या वस्तूला किती तास लागले हे ठरवता ठरवता तोही १८३४ मध्ये बंद पडला.

म्हातारपणी तो जन्मगावी परतला. १७ नोव्हेंबर १८५८ ला न्यूटाऊनमध्येच गेला, आईवडिलांच्या शेजारी पुरला गेला. न्यू लॅनार्कच्या गिरण्या त्यानंतरही शतकभर चालू राहिल्या, १९६८ मध्ये थांबल्या. २००१ पासून ते गाव जागतिक वारसा यादीत आहे.