मीटर १२.६ दाखवतो, तरी सेल्फ फिरत नाही: ओहम नावाच्या शिक्षकाची गोष्ट



गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर मी गावी गेलो होतो. काकांची द्राक्षबाग आहे आणि फवारणीसाठी एक जुना, छोटा ट्रॅक्टर आहे. दोन ओळींमधून आरामात जातो, म्हणून तो विकायला कुणी तयार नाही. पण त्या आठवड्यात चावी फिरवली की नुसता खट्ट आवाज यायचा. कधी इंजिन अर्धा फेरा मारायचं आणि बसायचं. हेडलाइट मात्र व्यवस्थित लागायचे. काका रोज संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवायचे आणि सकाळी दोघा-तिघांना बोलावून ढकलून चालू करायचे. आभाळ भरलेलं, डावणीची भीती, आणि अशा दिवसांत एक फवारणी चुकली तर अख्ख्या हंगामाचं नुकसान.

मेकॅनिकचं म्हणणं होतं की सेल्फ गेला, नवीन टाका. मी इंजिनिअर, म्हणून मोठ्या ऐटीत मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. मीटर ओहमवर फिरवून अर्थिंगची वायर तपासली, आकडा जवळजवळ शून्य. म्हणजे वायरही ठीक. मीसुद्धा मान डोलावली की सेल्फच गेला असणार.

मी चुकलो होतो. कुठे चुकलो ते ज्या माणसाने जवळजवळ २०० वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं, त्याचंच नाव माझ्या मीटरवर छापलेलं होतं. आज त्याची, म्हणजे जॉर्ज सायमन ओहम यांची गोष्ट सांगतो आणि शेवटी परत ट्रॅक्टरकडे येतो.

कुलूपं बनवणाऱ्याचा मुलगा

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतल्या एर्लांगेन गावात झाला. वडील कुलूपं बनवणारे कारागीर. शाळा-कॉलेज फारसं केलेलं नव्हतं, पण स्वतः पुस्तकं वाचून ते गणित आणि विज्ञान शिकले होते, आणि तेच त्यांनी घरी मुलांना शिकवलं. सात भावंडांपैकी तीनच जगली. जॉर्ज १० वर्षांचा असताना आई गेली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला.

म्हणजे एकाच घरात दोन शाळा होत्या. एकीकडे गणित आणि दुसरीकडे कानस, पत्रा, तार, स्क्रू. या दोन्ही गोष्टी पुढे कामाला आल्या, कारण ओहम यांना प्रयोगाची उपकरणं स्वतःच्या हाताने बनवता येत होती.

१८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात गेला आणि तिथे जे अनेकांचं होतं तेच झालं. नाच, बिलियर्ड, बर्फावरचं स्केटिंग यात वेळ जाऊ लागला. वडील भडकले. दीड वर्षाच्या आत त्यांनी त्याला कॉलेजातून काढून स्वित्झर्लंडला पाठवलं, आणि तिथे १७ वर्षांचा जॉर्ज एका शाळेत गणित शिकवू लागला.

नोकरीसाठी वणवण

स्वित्झर्लंडमध्ये शिकवता शिकवता ओहम यांनी स्वतःचा अभ्यास चालू ठेवला. १८११ मध्ये एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात शिकवायचं कामही मिळालं, पण त्यात पोट भरेना. तीन सत्रांनंतर सोडावं लागलं. मग बाम्बर्गच्या एका साध्या शाळेत नोकरी. ती शाळा १८१६ मध्ये बंदच पडली.

या काळात त्यांनी भूमितीवर एक पुस्तक लिहिलं होतं. ते प्रशियाच्या राजाकडे पाठवलं आणि त्याचा उपयोग झाला. १८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. वय २८. शाळाच होती, विद्यापीठ नव्हे, पण तिथे एक चांगली प्रयोगशाळा होती. ओहम यांच्यासाठी तीच मोठी गोष्ट.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं की तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते. विजेचा प्रवाह मोजायला एक काटा मिळाला. मात्र त्या वेळी व्होल्ट, ॲम्पियर, ओहम यातलं एकही एकक ठरलेलं नव्हतं. आज आपण ५०० रुपयांच्या मीटरवर जे तीन आकडे बघतो, ते वेगवेगळे आहेत आणि एकमेकांशी बांधलेले आहेत, हेच नीट कळलेलं नव्हतं.

पहिला निकाल चुकला

ओहम यांचा प्रश्न साधा होता. तार लांब केली तर प्रवाह किती कमी होतो?

१८२५ मध्ये त्यांनी सेल जोडून मोजमापं घेतली आणि एक सूत्र छापलं. सूत्रात लॉगॅरिदम होता. ते चूक निघालं. अडचण सेलमध्ये होती. तेव्हाचे सेल जोडल्या जोडल्या जोरात वीज द्यायचे आणि मग झपाट्याने मंद व्हायचे. म्हणजे तार बदलल्यामुळे काटा हलला की सेल थकल्यामुळे, हे सांगणं अवघड. आपण अर्धवट चार्ज बॅटरीवर वायरिंग तपासायला बसलो तर अगदी हेच होतं.

इथे एका संपादकाने मदत केली. पोगेंडॉर्फ हे भौतिकशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकाचे संपादक. त्यांनी सुचवलं की सेल सोडा, थर्मोकपल वापरा. दोन वेगळे धातू जोडायचे, एक सांधा गरम ठेवायचा आणि दुसरा थंड. त्यातून वीज अगदी थोडी मिळते, पण तापमान स्थिर असेल तर ती तितकीच राहते.

आठ तारा

जानेवारी १८२६. ओहम यांनी तांबं आणि बिस्मथ यांचं थर्मोकपल केलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोपर्यंत दोन्हीकडचं तापमान हलत नाही. थोडक्यात, त्या काळातला उत्तम स्थिर पॉवर सप्लाय.

मग सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सगळ्यात लहान २ इंचांची, सगळ्यात मोठी १३० इंचांची. एकेक तार जोडायची, वर टांगलेली चुंबकसूची किती वळते ते बघायचं, ती पीळ देऊन जागेवर आणायची आणि तो पीळ मोजायचा. जितका पीळ, तितका प्रवाह. कंटाळवाणं काम, पण आकडे आता टिकून राहत होते.

निघालेलं सूत्र सोपं होतं. प्रवाह म्हणजे एका स्थिर संख्येला दोन गोष्टींच्या बेरजेने भागायचं. बेरजेतली एक गोष्ट म्हणजे जोडलेल्या तारेची लांबी. दुसरी म्हणजे एक संख्या, जी तार कुठलीही लावली तरी तीच राहते.

शाळेत आपण व्ही बरोबर आय गुणिले आर पाठ करतो आणि ही दुसरी संख्या विसरतो. ती होती तपासायच्या तारेशिवाय सर्किटमध्ये जे काही आहे त्याचा रोध: खुद्द थर्मोकपल आणि त्याचे जोड. ओहम यांचं म्हणणं असं होतं की वीज एका तारेत नसते, ती संपूर्ण फेऱ्यात असते. वाटेतल्या प्रत्येक तुकड्याचा रोध मोजायचा, बॅटरीच्या पोटातलासुद्धा. आणि प्रवाह वाहत असताना प्रत्येक तुकडा आपल्या रोधाइतका वाटा दाबातून खाऊन टाकतो.

पुस्तक आलं, नोकरी गेली

हे सगळं नीट मांडायला ओहम यांनी अर्ध्या पगारावर वर्षभराची सुट्टी घेतली आणि बर्लिनला भावाकडे गेले. १८२७ मध्ये पुस्तक छापून आलं. नावाचा अर्थ साधारण असा: विद्युत परिपथ, गणिती पद्धतीने मांडलेला. त्यांना आशा होती की आता तरी विद्यापीठात जागा मिळेल.

प्रतिसाद थंड होता. बर्लिनमधल्या काही विद्वानांना निसर्गाचे नियम असे आकड्यांत बसवणं पटत नव्हतं. भौतिकशास्त्रवाल्यांना पुस्तकातलं गणित जड गेलं. ज्यांना ते कळलं, त्यांच्या हातात नेमणुका नव्हत्या. दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला.

वय ३९. लग्न केलेलं नव्हतं. शिल्लक फारशी नाही, कायमची नोकरी नाही, आणि आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम छापून झालेलं. पुढची पाच-सहा वर्षं बर्लिनमध्ये गणिताच्या तासिका घेऊन काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकी मिळाली तेव्हा कुठे बस्तान बसलं.

मान आला तो इंग्लंडकडून. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोपले पदक दिलं आणि पुढच्या वर्षी परदेशी सदस्य करून घेतलं. त्याच १८४१ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं. तारायंत्राचे दिवस सुरू होत होते. मैलोन्‌मैल तार टाकायची तर शेवटच्या टोकाला किती प्रवाह पोचेल हे आधी कळायला हवं होतं, आणि तो हिशोब ओहम यांच्या सूत्राशिवाय होत नव्हता. ज्यांना खरोखर वायरिंग करायचं होतं त्यांना पुस्तक कळलं.

१८४९ मध्ये ते म्युनिकला गेले आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरुणपणापासून हवी असलेली जागा वयाच्या ६३व्या वर्षी मिळाली. ती जेमतेम दोन वर्षं लाभली. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचं निधन झालं. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचं नाव कायम झालं. मीटरवर जे ओमेगाचं चिन्ह दिसतं ते त्याचंच.

आता ट्रॅक्टरकडे

माझी चूक आता सहज दिसेल. मी बॅटरी तपासली तेव्हा सेल्फ फिरत नव्हता. प्रवाह शून्य, म्हणून कुणी काही खाल्लं नाही आणि मीटरने पूर्ण १२.६ दाखवले. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एकही युजर नसताना सर्व्हर तपासून पास केला.

समजा अर्थिंगच्या सांध्यात गंज बसून ०.०२ ओहम रोध तयार झाला. साध्या मल्टिमीटरला हा आकडा दिसतच नाही, कारण त्याच्या दोन वायरींचाच रोध याच्या कितीतरी पट असतो. हेडलाइट मिळून १० ॲम्पियर घेत असतील तर १० गुणिले ०.०२ म्हणजे ०.२ व्होल्ट गेले. दिवे लख्खच दिसणार. पण सेल्फला १५० ॲम्पियर लागले तर १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट त्या एका सांध्यात गेले. १२ मधले ३ गेल्यावर सेल्फ काय फिरणार?

म्हणून तपासणी सेल्फ मारतानाच करायची. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरलेला, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. फिरत्या पट्ट्यापासून हात लांब. मीटर डीसी व्होल्टवर. दुसऱ्याने एका वेळी चार-पाच सेकंदच चावी फिरवायची, मग थोडं थांबायचं.

१. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि काही तास तशीच ठेवा. १८२५ ची चूक नको.

२. मीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर धरा, वरच्या क्लॅम्पवर नको. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या आणि आधी तिची लोड टेस्ट करून घ्या. ओहम यांची ती दुसरी संख्या इथे वाढलेली असू शकते.

३. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर. सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेला तर अर्थिंग खराब.

४. एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या ज्या बोल्टवर बॅटरीची जाड वायर येते त्यावर. हिशोब तोच.

५. वरचं सगळं ठीक असेल तर सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टमध्ये मोजा. तिथेही व्होल्ट जात नसतील, तर मग सेल्फ उघडा.

आमच्याकडे तिसऱ्या पायरीलाच मीटरने ३ च्या जवळ आकडा दाखवला. अर्थिंगची पट्टी चेसीला जिथे बोल्टने बसवली होती तिथे खाली जुना रंग आणि गंज होता, आणि पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडलं, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, नवीन पट्टी बसवली, वरून ग्रीस लावलं. चावी फिरवली आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. नवीन सेल्फचे पैसे वाचले आणि त्या दिवशीची फवारणी वेळेवर झाली.

काका आता ट्रॅक्टर सपाट जागेवर लावतात. तुमच्याकडेही असा खट्ट करून बसणारा ट्रॅक्टर, पिकअप किंवा जनरेटर असेल, तर सेल्फ बदलण्याआधी दहा मिनिटं मीटर घेऊन पूर्ण फेरा तपासा, सेल्फ मारत असताना.