शनेल यांचीच 'शनेल नंबर ५'ला टक्कर! काय होता वाद?

महागड्या परफ्युमची स्वस्त 'कॉपी' आता भातकुलीतही मोबाइलवरून मागवता येते. कोको शनेल यांनी तर स्वतःच्याच नावाच्या परफ्युमला पर्याय काढला होता.

१८८३मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेल्या शनेल आई गेल्यावर अनाथाश्रमात वाढल्या. पुढे फॅशनमध्ये नाव कमावले. १९२१मध्ये अर्नेस्ट बो यांच्या नमुन्यांतून त्यांनी पाचवा निवडला. मात्र १९२४च्या करारात परफ्युम कंपनीतला त्यांचा वाटा अवघा १० टक्के ठरला.

१९४१मध्ये नाझींच्या ज्यूविरोधी कायद्यांआडून ज्यू भागीदारांची कंपनी बळकावण्याचा त्यांचा डाव फसला. युद्धानंतर त्यांनी वेगळे परफ्युम बनवून भागीदारांना कोंडीत पकडले. १९४७मध्ये तडजोड झाली आणि जगभरातल्या विक्रीचा हिस्सा मिळू लागला. १९७१मध्ये त्यांचे निधन झाले.